कायाकसाठी घातलेली इर्जिक

मनुष्याने आपल्या हातातील काम चारचौघांत बोलून दाखवू नये, हे ज्ञान जालिंदरास त्या शनिवारी प्राप्त झाले. परंतु तोवर सकाळचे सात वाजले होते, त्याच्या गॅरेजच्या दारात अकरा पुरुष उभे होते आणि प्रत्येकाच्या खांद्यावर काही ना काही लोखंड होते.

त्याचे काम वस्तुतः अल्प होते. त्याची कन्या हर्षदा नाव वल्हवीत असे. ती नाव म्हणजे आपल्याकडील कोळ्यांची होडी नव्हे, तर कायाक. सतरा फूट लांब, दीड फूट रुंद आणि वजनाने अवघी बारा किलो. शिरूरच्या एका क्लबने ती तिला सरावासाठी दिली होती आणि घरामागे भीमेचे पाणी असल्यामुळे सरावास खंड पडत नसे. अडचण एवढीच की, पाण्याबाहेर ती नाव पडवीत दोन बाजांवर ठेवलेली असे आणि मधल्या भागी तिला बाक येऊ लागला होता. क्लबच्या प्रशिक्षिका सुलक्षणा मॅडम यांनी तिचा फोटो पाहिला आणि फोनवरून निर्णय ऐकविला.

"शनिवारी पाच वाजता मी येतेय. कायाक नीट रॅकवर दिसली तर ठीक. नाहीतर गाडीवर बांधून परत नेणार आणि क्लबातल्या करिश्माला देणार."

राज्याची निवड चाचणी वीस दिवसांवर आली होती. हर्षदा त्या दिवशी जेवली नाही.

जालिंदर कुरकुंभच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात होता, वेल्डिंगचे यंत्र त्याच्या घरीच होते आणि गॅरेज रिकामे होते, कारण ज्या चारचाकीसाठी ते बांधले ती अद्याप आलेली नव्हती. त्याने कागदावर आकृती काढली. भिंतीलगत दोन खांब, प्रत्येक खांबास एक आडवा हात आणि त्या हातांस जुन्या गादीचा फोम. दोन तासांचे काम. फक्त शुक्रवारी डेअरीत दूध घालताना तो भावकीतल्या हनुमंताजवळ बोलून गेला, "उद्या रजा टाकलीय दादा. पोरीच्या होडीला रॅक करायचाय."

त्या वस्तीत काम उच्चारले की इर्जिक ठरली, असा पिढ्यान् पिढ्यांचा संकेत होता. पूर्वी एकाच्या शेतात सगळी भावकी आपापले नांगर घेऊन उतरत असे आणि घरधनी त्यांस पोटभर जेवू घालीत असे. आता नांगर गेले, ट्रॅक्टर आले. संकेत मात्र जेथल्या तेथे राहिला. त्याचा कडक नियम असा की, आलेल्या माणसाने जे आणले ते वापरलेच पाहिजे. आणलेला नांगर न जुंपता माघारी धाडणे म्हणजे त्या घराशी जन्माचे वैर पत्करणे होय.

"येकट्यानं करतुस व्हय रं?" भावकीतील ज्येष्ठ संपतआबा गरजले. "आमी काय मेलू?"

"आबा, दोनच पाईप लावायचेत. दोन तासाचं काम हाय."

"दोन पाईपावर पोरीची होडी? लोकं त्वांडात श्यान घालतील आपल्या."

"माझा अँगल घे पयला," हनुमंत पुढे सरसावला. "कांदाचाळीचा हाय. आन् खाली बांबूच्या पट्ट्या मार. वारा खेळला पायजे, न्हाईतर सडती."

"फायबरची हाय दादा, ती सडत न्हाई."

"कांदाबी घालताना आसंच वाटतं."

येथपर्यंत सारे सुसह्य होते. परंतु सोसायटीच्या निवडणुकीत संपतआबांचे एक पॅनल होते आणि हनुमंताचे दुसरे. हनुमंताचा अँगल उभा राहिलेला पाहताच आबांनी आपले दोन पाईप रोवविले. हनुमंताने तीन खांबांची हाक दिली. फुलशेती करणारा रोहिदास आबांच्या बाजूचा. त्याने पॉलीहाऊसची कमान सोडवून आणली होती, ती आडवी बसविण्यात आली. अकरांपैकी वेल्डिंग कोणासच येत नव्हते, त्यामुळे प्रत्येक सांधा जालिंदरासच जोडावा लागला. आपल्या नाशाची कडी न् कडी मनुष्य आपल्याच हाताने जोडतो, आणि वर डोळ्यांवर काळी काचही धरतो!

दुपारी सविताने मासवडी, रस्सा आणि बाजरीच्या भाकरी वाढल्या. "रॅक झाला का हो?" तिने पतीस विचारले.

"झालाय," जालिंदर म्हणाला. "आजून व्हतोय."

चार वाजता रॅक पूर्ण झाला. त्यास अकरा खांब, एकतीस हात आणि बांबूच्या पट्ट्यांचे तीन मजले होते. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला होता आणि त्यावर हत्तीही निर्धास्त निजला असता. मग कायाक आणण्यात आली. सरळ घातली, रोहिदासाची कमान आडवी आली. तिरपी घातली, आबांचा पाईप आडवा आला. उलटी करून खालून सरकविली, तर हनुमंताच्या बांबूंनी तिचे नाक धरले. सतरा फुटांपैकी दोन फूट आत गेली आणि तेथेच थांबली.

जालिंदराने ग्राइंडर उचलला. "येक खांब कापतो."

अकरा जणांनी आपापल्या खांबास हात लावला.

"कुणाचा?" संपतआबांनी अत्यंत मृदू स्वरात विचारले.

जालिंदराने अकरा मुखांकडे क्रमाने पाहिले आणि ग्राइंडर खाली ठेवला.

"पप्पा," हर्षदा फोन पाहत म्हणाली, "मॅडमनी चौफुला सोडला. येतीलच आता."

नाव पुन्हा बाहेर ओढून ती खांद्यावर घेऊन उभी होती. ती रडली असती तर बापाला बरे वाटले असते. पण ती नुसती रॅककडे बघत होती. जालिंदर गॅरेजपुढच्या पत्र्याखाली गेला आणि त्याने दोन्ही हात समोर पसरले. "इथं ठिव," तो म्हणाला.

"इथं कुठं?"

"हातावर."

तिने नावेचे नाक त्याच्या हातांवर टेकविले. हे पाहून संपतआबांच्या मुखावर अपमानाची लाली चढली. "आमी काय मेलू?" असे म्हणून ते डाव्या अंगास आले व त्यांनी हात लावले. त्यांच्यामागून त्यांचे पाच जण आले. "तिकडं सा झाले," हनुमंत ओरडला, "आन् आपून बघत बसायचं?" आपले चौघे घेऊन तो उजव्या अंगास उभा राहिला. बारा किलो वजन, बारा माणसे. प्रत्येकाच्या वाट्यास एक किलो.

सुलक्षणा मॅडम उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात टेप आणि पातळी पाहण्याची पाणसळ होती.

"हे काय आहे?"

"रॅक," संपतआबा समोर बघतच म्हणाले.

मॅडम शिस्तीच्या होत्या, त्यामुळे त्या हसल्या नाहीत. त्यांनी जमिनीपासूनची उंची मोजली. वाकून तळ पाहिला. हनुमंताचा तळहात अंगठ्याने दाबून बघितला. "मऊ आहे. दाब एका जागी पडत नाही. सावली आहे." मग त्यांनी पाणसळ नावेवर ठेवली. तिच्या काचेतला बुडबुडा डाव्या अंगास चढला. "एका बाजूला कल आहे. असं चालणार नाही."

डावीकडे सहा होते, उजवीकडे पाच. जालिंदर नाकापाशी, म्हणजे कोणत्याच बाजूस नव्हता. सोसायटीच्या प्रत्येक निवडणुकीत तो असाच राहिला होता आणि त्यामुळेच त्याचे दोन्हीकडे चहापाणी चालत असे. त्याने मुलीकडे पाहिले. हर्षदा त्या बुडबुड्यावर डोळे लावून उभी होती. जालिंदराने नाक सोडले आणि तो उजवीकडे, हनुमंताच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"जालिंदर," आबा म्हणाले, "तिकडं गेलास?"

"पोरीसाठी गेलोय, आबा."

आबांनी मान फिरविली. त्यांचे हात मात्र हलले नाहीत. बुडबुडा हळूहळू मध्यावर येऊन स्थिर झाला.

"रॅक निर्जीवच असावा असं आमच्या नियमात कुठं लिहिलेलं नाही," मॅडम विचारपूर्वक म्हणाल्या आणि त्यांनी तपासणीच्या अर्जावर सही केली. "कायाक हर्षदाकडंच राहील. पण पाण्याबाहेर असली की रॅकवरच हवी. मी न कळवता कधीही येईन."

गाडी निघून गेली. कोणी हात काढला नाही. आधी आबांनी काढावा, असे हनुमंताचे म्हणणे होते. आणि हनुमंत असेतो आपण काढणार नाही, असे आबांचे. अखेर सविताच भाकरी कुस्करून एकेकाच्या मुखात घालू लागली.

"आबा, आ करा."

"मीठ कमी हाय."

"उद्या घालते. तुमी उद्याबी हायातच की."

पहाटे फटफटताच हर्षदा वल्हे घेऊन आली. रॅक उभ्या उभ्याच निजला होता. आबांची हनुवटी छातीवर टेकलेली, हनुमंताचे तोंड उघडे. तिने नाव अलगद ओढून घेतली. चोवीस हात तसेच पसरलेले राहिले.

जालिंदर तेवढा जागा होता. हातांवरचे ओझे उतरले तरी हात खाली येईनात, आणि ते यावेत असे त्यालाही वाटेना.

"सातला येते पप्पा," ती कानाशी पुटपुटली. "हलू नका."

"जा तू," तो म्हणाला.