माझ्यावरची अकरा नावे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. शिकागोजवळच्या एका शाळेच्या भिंतीवर माझे आयुष्य गेले. पहिले महायुद्ध संपल्यावर मला ओतून घडवले. वर मोठ्या अक्षरांत एक लॅटिन वचन कोरले. त्याचा अर्थ, ‘देशासाठी मरणे गोड असते आणि शोभूनही दिसते.’ खाली, बारीक अक्षरांत, युद्धात मरण पावलेल्या इथल्या अकरा विद्यार्थ्यांची नावे.

सुरुवातीला मला दरवर्षी घासून लख्ख करत. पाहुणे ते वचन मोठ्याने वाचत आणि मी तोऱ्यात असे. नावे मात्र कोणी वाचत नसे. पुढे व्हिएतनामचे युद्ध झाले आणि लोकांना ते वचन नकोसे झाले. मी काळवंडले. १९८४ साली शाळेने ठरवले, पाटी मोडीत घालायची आणि तिथे करंडकांचे कपाट ठेवायचे.

त्याच आठवड्यात पालकसभेला शरयूबाई आल्या. सोबत त्यांची मुलगी उत्तरा होती. ती इथे लॅटिन शिकत होती.

“आई, लुक! मला हे रीड करता येतं!” तिने अर्थ सांगितला.

शरयूबाई थबकल्या. “गोड? कोणाला गं? एकाहत्तरच्या लढाईत तुझा शैलेंद्रमामा गेला. तार आली तेव्हा आजी त्याचा स्वेटर विणत होती. तिने तो पुरा केला, पण कधी कोणाला घालू दिला नाही.”

“सो इट्स अ लाय?”

“तसं कसं म्हणू? तो हौसेनं सैन्यात गेला होता. त्यानं स्वतः हे म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं. त्याच्या वतीनं दुसऱ्यांनी म्हणू नये.”

मग त्यांनी रुमालाने माझा खालचा भाग पुसला आणि अकराही नावे अडखळत वाचली. साठहून अधिक वर्षांत असे प्रथमच घडले.

दुसऱ्या दिवशी उत्तरा मुख्याध्यापकांना माझ्यासमोर घेऊन आली. “वाक्य पटत नसेल, पण ही मुलं मोडीत कशी घालायची?”

ते बराच वेळ नावे वाचत राहिले. “वाक्य काढू,” ते म्हणाले, “नावं राहतील.”

करवतीने माझे दोन तुकडे झाले. खोटे कशाला बोलू, ती मोठी अक्षरे गेली तेव्हा मला फार वाईट वाटले. आजही कधीकधी वाटते.

पण मित्रांनो, तुमच्या गावात अशी एखादी पाटी असेल तर तिच्यावरची धूळ पुसा. वचनाचा वाद मोठी माणसे घालतील. तुम्ही एकेक नाव वाचा. त्यातल्या प्रत्येकाची घरी कोणीतरी वाट पाहिली होती.