घड्याळजींच्या घरातला आवाज

वसाहतीच्या शांतता समितीकडे आजवर तक्रारी पुष्कळ आल्या, पण सगळ्यांत अवघड तक्रार आली ती खुद्द चेअरमनविरुद्ध. आणि चेअरमन म्हणजे कोण, तर घड्याळजी. ज्यांना शेजारच्या घरात चमचा पडलेला खपत नसे, ते घड्याळजी.

बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे दिवसभर कलकलाट, म्हणून नाजूक कामं ते संध्याकाळी घरी आणत आणि पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून बसत. घड्याळ कानाशी धरलं की त्याची चाल बरोबर आहे की नाही हे त्यांना लगेच कळे. त्यासाठी घर शांत लागे, आणि ते शांत असेच. बायको मागच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, मी घरात असताना ते मशीन नको. तिने मान डोलावली आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. घड्याळजी चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगायचे की आमच्याकडे भांड्याला भांडं लागत नाही.

मग बायको गेली आणि घरात गप्प करायला कुणी उरलं नाही. तेव्हा या गृहस्थांनी वसाहतच हातात घेतली. जोडघरांच्या दोन ओळी, मध्ये गल्ली, भिंतीला भिंत लागलेली. इकडचा खोकला तिकडे ऐकू जायचा. घड्याळजींनी घरोघरी जाऊन सह्या घेतल्या आणि नियम करून घेतले. जेवणानंतरचे दोन तास कुणी हूं की चूं करायचं नाही. खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधायची. मुलांनी चेंडू भिंतीवर मारायचा नाही. शेवटचा नियम त्यांनी स्वतः घातला होता, आणि त्यावर ते खूश होते: जो आवाज थांबवू शकतो, त्याने तो थांबवलाच पाहिजे. कोपऱ्यावरच्या घरातलं कुत्रंसुद्धा या नियमाखाली गावाबाहेर कुणाच्या तरी मळ्यात गेलं. पोरं पाठीमागे त्यांना शांतताराम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तर अशा माणसाच्या दारात एका रविवारी सकाळी शेजारची सून आली. कडेवर बाळ होतं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिला बोलायला फार जड गेलं. ती म्हणाली, काका, राग मानू नका, पण दुपारी तुमच्याकडे शिलाई मशीन चालतं, त्याने बाळ दचकून उठतं. आमच्या स्वयंपाकघराची आणि तुमच्या मागच्या खोलीची भिंत एकच ना.

घड्याळजींना आधी वाटलं, ही आपली टिंगल करतेय. ते तिला मागच्या खोलीत घेऊन गेले. खोली रिकामी होती. एक खिडकी, एक खुंटी, आणि फरशीवर चार डाग, जिथे मशीनचे पाय वर्षानुवर्षं टेकले होते तिथे. मशीन कधीच लेकीकडे, दुसऱ्या गावी गेलं होतं. सुनेने डागांकडे पाहिलं, बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती आली तशी निघून गेली. पण तक्रार तिने मागे घेतली नाही, कारण दुसऱ्या दिवशीही आवाज आला.

हळूहळू कळलं की तो एकट्या तिलाच येत नव्हता. समोरच्यांना येत होता, दोन घरं पलीकडच्यांनाही. सगळे म्हणत, तुमच्या मिसेस गेल्यापासून बंद होता, आता पुन्हा सुरू झालाय. इतके दिवस भीडेपोटी कुणी बोललं नव्हतं. फक्त घड्याळजींना तो ऐकू येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना राग आला होता तो याचाच. अख्ख्या वसाहतीत तिखट कान कुणाचे, तर त्यांचे. बायको कुणाची, तर त्यांची. मग आवाज लोकांना का यावा?

समितीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. तोलूनमापून बोलणारा माणूस, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा. ते म्हणाले, किल्ली द्या, मी स्वतः बसतो आणि काय ते बघतो. घड्याळजी किल्ली देऊन दुकानात गेले. दुपार कलली तेव्हा पोस्टमास्तर दुकानाच्या पायरीवर उभे होते, पायांत चपला नव्हत्या. त्यांनी आधी पाणी मागितलं. मग त्यांनी सांगितलं की तुम्ही गेल्यावर थोड्या वेळाने त्या चार डागांच्या मधून आवाज सुरू झाला. दिसत काही नाही. लांब शिवण घालावी तसा सरळ चालतो, मग थांबतो, मग कात्री चालते, मग पुन्हा. मी धीर करून म्हटलं, वहिनी, दुपारची वेळ आहे. तर माझ्याकडे लक्षच नाही. आपल्या कामात.

"माझ्या खुर्चीला घासून कुणीतरी खिडकीशी गेलं हो," पोस्टमास्तर म्हणाले. "उजेडात दोरा ओवायला जातात ना, तसं."

घड्याळजींनी दुकान बंद केलं आणि ते घाईघाईने घरी निघाले. गल्लीत शिरले तर समोरची बाई ओट्यावर उभी होती. ती म्हणाली, आत्ता थांबला बघा, तुम्ही कोपऱ्यावर वळलात आणि थांबला.

पुढचा आठवडाभर त्यांनी दुकान उघडलंच नाही. सकाळ-दुपार मागच्या खोलीत सतरंजी टाकून बसून राहिले. सगळी वसाहत चिडीचूप. घरात त्यांच्या स्वतःच्या श्वासाखेरीज काही नव्हतं. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलं, आईचं मशीन तुझ्याकडेच आहे ना? ती म्हणाली, माळ्यावर आहे, चादरीत गुंडाळून ठेवलंय, का? आडपडदा ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. आपण घरात असलो की आवाज येत नाही, हेही सांगितलं.

लेक म्हणाली, "तुमची पावलं कोपऱ्यावर वाजली की आई थांबायची, बाबा. चाकावर हात ठेवायची. आम्हीसुद्धा थांबायचो."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे मी. खेळत असले तर तिथेच थांबायचे. आई मला बोट दाखवायची, की आता पुरे."

त्यांनी फोन ठेवला. आपल्या पावलांना आवाज आहे हे त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि दुपारी परत फिरले, पण गल्लीतून नाही. घरांच्या मागून एक बोळ जायचा, कचऱ्याच्या डब्यांचा. त्या बोळातून ते चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता सुनेच्या मागच्या दाराशी आले. सुनेने त्यांना आत घेतलं. तिने गॅसवरचं दूध उतरवलं, गॅस बंद केला आणि भिंतीकडे बोट केलं.

घड्याळजींनी भिंतीला कान लावला. मशीन चालू होतं. पायाखालच्या पट्टीचा धीमा ठेका आणि वर सुईची धावपळ. एकदा आवाज अडखळला, दोरा तुटला असावा. थोड्या वेळाने पुन्हा लागला. आणि मग त्या ठेक्यावर ती गाऊ लागली.

आपली बायको गाते हे त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांचा संसार झाला, आजारपणात तिला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले, तिच्या औषधांच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या, पण हे माहीत नव्हतं. आवाज काही फार गोड नव्हता. एका जागी सूर चुकला, तशी ती थांबली, पुन्हा मागून ओळ घेतली आणि या वेळी नीट म्हटली. घड्याळजींनी मूठ तोंडात कोंबली. हुंदका बाहेर पडला असता तर भिंतीपलीकडे कळलं असतं की हे आलेत.

"काकू रोजच गायच्या," सून हळूच म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल."

ते रोज बोळातून येऊ लागले. पण वसाहतीला असं किती दिवस चालणार? लोक घाबरले होते. सुनेची सासू म्हणे, आमचं बाळ त्या भिंतीकडे बघून हसतं, मला हे बरं वाटत नाही. पोस्टमास्तरांच्या घरी बैठक बसली. कुणी म्हणालं पूजापाठ करा, कुणी म्हणालं खोली पाडा. पोस्टमास्तरांनी घसा खाकरला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, पाडापाडीची गरज नाही, उपाय सोपा आहे. चेअरमन घरात असले की आवाज येत नाही. तेव्हा चेअरमननी घरात बसावं. नियम आहेच आपला, जो थांबवू शकतो त्याने थांबवलाच पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. घड्याळजींच्या डोळ्याला डोळा कुणी दिला नाही. त्यांनीही मान डोलावली; स्वतःच्याच नियमाला नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मागच्या खोलीत जाऊन बसले. वसाहत शांत झाली. कुणीतरी सुटकेचा श्वास टाकून खिडकी ओढून घेतली. घड्याळजी चार डागांसमोर बसून होते. त्यांनी हळूच म्हटलं, "मी काही म्हणणार नाही. चालव तू."

खोलीतलं काहीच हललं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, की मला ऐकायचंय, मला त्रास होत नाही, खरंच होत नाही. आणि बोलता बोलता त्यांना ती शांतता ओळखू आली. खोली रिकामी नव्हती. त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं, चाक थोपवून, पाय उचलून धरून, हा माणूस कधी उठतो याची वाट बघत. हीच शांतता रोज संध्याकाळी त्यांना दाराशी भेटायची. हिच्यावर खूश होऊन ते जन्मभर घड्याळं जुळवत बसले होते. त्यांच्या अंगावर काटा आला. बायकोची भीती वाटली म्हणून नव्हे. ती त्यांना किती भीत होती हे कळलं म्हणून. दुपारभर ते तिथे बसले आणि दुपारभर ती तशीच थांबून राहिली.

संध्याकाळी त्यांनी गादी गुंडाळली, दोन जोड कपडे आणि हत्यारांची पेटी घेतली, आणि दुकानामागच्या अरुंद खोलीत जाऊन राहिले. जाता जाता किल्ली पोस्टमास्तरांच्या हातावर ठेवली. पोस्टमास्तरांनी नियमाची आठवण करून दिली. घड्याळजी म्हणाले, नियम मला पाठ आहे. पण जो थांबवू शकत होता तो माणूस आता त्या घरात राहत नाही, आणि पुन्हा राहायला येणारही नाही. चेअरमनपणही सोडलं. आता मी या वसाहतीचा कुणी नाही.

बोळातून जाणंही त्यांनी बंद केलं. एखाद दिवशी खोकला आला असता, हातातली चप्पल निसटली असती. तेवढंही तिला पुन्हा नको, असं त्यांनी ठरवून टाकलं. हे ठरवणं सोपं नव्हतं. दुपार झाली की पाय आपोआप दाराकडे वळत, आणि ते उगाच बरं चाललेलं घड्याळ उघडून बसत.

बऱ्याच दिवसांनी शेजारची सून दुकानात आली. हातातल्या घड्याळाचा पट्टा तुटला होता. पट्टा बदलून झाला तरी ती निघेना. घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं आणि विचारलं, चालतं का अजून? ती म्हणाली, दिवसभर चालतं, आता सकाळीसुद्धा. बाळाला इतकी सवय झालीय की आवाज लागल्याशिवाय झोपत नाही. काकू मोकळ्या गळ्याने गातात. लोकांनाही सवय झाली, ओट्यावर बसणाऱ्या बायका गाणं कुठपर्यंत आलं म्हणून विचारतात. मग तिने हळूच विचारलं.

"काका, तुमच्या घरी कुणी लहान मूल ठेवलंय का?"

घड्याळजींनी नकारार्थी मान हलवली.

"मग चार दिवसांपासून एक मुलगी धावते तिथे. पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत, पुन्हा पुढे. मोठमोठ्याने पाढे म्हणते. चुकली की खो खो हसते."

घड्याळजींच्या मनात आधी लेकच आली. लेकीशी ते आदल्याच दिवशी बोलले होते. ती धडधाकट होती, चाळिशीला आली होती, तिचा स्वतःचा मुलगा कॉलेजात होता. जिवंत माणसाचा आवाज त्या घरात कसा यावा? मग त्यांनी लेकीचं लहानपण आठवून पाहिलं. वह्या आठवल्या, गणवेश आठवला, मान खाली घालून जेवणारी मुलगी आठवली. धावताना ती आठवेना.

"केवढी असेल?" त्यांनी विचारलं.

"पावलांवरून सहा-सात वर्षांची वाटते. अख्खी भिंत हादरते हो. सासूबाई म्हणतात, काकांना सांग, एकदा येऊन जा म्हणावं. तुम्ही नुसते गल्लीत आलात तरी थांबेल ती."

"मी येणार नाही," घड्याळजी म्हणाले. "तिला धावू दे."