जीपचा मालक

राखीला कांताबाईच्या माहेरी, कुहीला जायचं होतं. आदल्या दिवशी, टायर सारखे झिजावेत म्हणून, रुपरावांनी जीपची मागची चाकं पुढं अन् पुढची मागं घरीच लावायला घेतली. फायदे दोन होते: मिस्त्रीची मजुरी वाचणार, अन् सारे मिस्त्री चोर असतात हे वर्षभर सांगता येणार. चाक जॅकवर अधांतरी असतानाच त्यांनी नट ओळीनं आवळले.

“समोरासमोरचे आवळा, अन् गाडी खाली टेकल्यावर पुन्हा घट्ट करा, असं नत्थू म्हणे,” कांताबाई बोलली.

“तुहा भाऊ दुसऱ्याचा ट्रक हाकते वं! मी मालक आहो.”

कुहीच्या वाटेवर चाक निखळलं अन् मालकाच्या पुढं धावत धानाच्या बांधीत शिरलं. नत्थूचीच नजर लागली म्हणत रुपराव जीपमध्ये बसूनच त्याला शिव्या देत राहिले. गुडघाभर चिखलातून चाक कांताबाईनं ओढून आणलं. त्यात तिचं नवं लुगडं गेलं, राखीचा दिवस गेला, दुरुस्तीला पाटली गेली. रुपरावांची अक्कल तेवढी खर्च झाली नाही.