आभाळाचं ठिगळ

"रंग जुळवताना खिडकी मोठी ठेव गं. एवढ्याशा भोकातून सगळंच सारखं दिसतं."

सासूबाईंचं हे सांगणं मला आठवलं तेव्हा नणंदेच्या पहिल्या नाटकाला जेमतेम तीन तास उरले होते, आणि मागच्या निळ्या पडद्यावरचं दाराएवढं ठिगळ डोळे वटारून आमच्याकडे बघत होतं.

पडदा आणताना फाटला. तिनं तिथं कोरं कापड जोडलं आणि रंगाचं काम आमच्या रंगाच्या दुकानावर, म्हणजे तिच्या दादावर सोपवलं. सकाळचा जप होईपर्यंत मी बोलत नाही. माझ्या हातात माळ असतानाच हे समोर येऊन उभे राहिले. जुन्या पडद्याचा तुकडा आणि नव्या रंगाची पट्टी शेजारी शेजारी, वर मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा. भोकातून दोन्ही रंग अर्धे अर्धे दिसतात, बाकीचं काही नजरेत येत नाही. आमच्याकडे रंग असाच जुळवतात. मी पाहिलं. सांधासुद्धा दिसेना. मान डोलावली.

आणि आता हा प्रकार!

"आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं, म्हणतात ना वहिनी?" नणंद रडकुंडीला आली होती. "मी एकच लावलं, तर तेही हिरवट!"

"तुझी नजर हिरवट," हे म्हणाले. "ठिगळ दिसत असेल ना, तर तुझा चंद्र होऊन मी फिरेन स्टेजवर! वचन!" पुठ्ठ्याचा चंद्र घेऊन फिरणारा कलाकार तापानं फणफणला होता.

"ये मागे, तूच बघ दादा."

हे शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि डोकं खाजवू लागले. यांचं डोकं खाजवणं म्हणजे कबुलीजबाबच.

मी पिशवीतून पुठ्ठा काढला. "अहो, हे भोक केवढं पाडलंय?"

"नाण्याएवढं. आईचा पुठ्ठा भिजून कुजला, म्हणून नवा केला. लहान भोक, नेम अचूक!"

"सुईत दोरा ओवायचाय का तुम्हाला?"

मी कात्री चालवली. दोन तळहात मावतील एवढी खिडकी केली आणि तोच तुकडा, तीच पट्टी खाली धरली. अगं बाई! एक अर्धं स्वच्छ निळं, दुसऱ्यात पिवळसर झाक. कापलेल्या गोलातलं नाण्याएवढं भोक वर ठेवलं, फरक गायब! उचललं, फरक हजर!

"मला बघू दे!" नणंदेनं पुठ्ठा हिसकावला. "दादा, हा तर जादूचा खेळ आहे!"

"जादू कसली," हे आता तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "छोट्या जागेत निळ्यातलं पिवळं डोळ्याला कळतच नाही. आई उगीच नव्हती ओरडत."

मग काय विचारता! पिवळं मारायला यांनी निळ्यात जांभळ्याचे थेंब टाकायचे, मी पट्टी पंख्यासमोर वाळवायची, नणंदेनं खिडकी धरायची. जास्त झालं. पुन्हा. अजून किंचित उणं. पुन्हा. माझ्या ओठांवर नाम होतं, कोपरापर्यंत निळाई. एकदाचा सांधा त्या मोठ्या खिडकीतूनही विरघळला, तेव्हा आम्ही तिघंही एकदमच "हां!" म्हणालो.

ठिगळ रंगवलं, पंखे लावले. रंग वाळल्यावर दिवे लावून नणंदेला शेवटच्या रांगेत उभं केलं.

"दाखव, कुठंय?"

तिनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि ठामपणे बोट दाखवलं. साफ चुकीच्या जागी!

मी हसत सुटले. तिनं धावत येऊन मला अशी मिठी मारली, की माझे निळे हात तिच्या पाठीवर उमटले. "असू दे वहिनी, आभाळच आहे ते! पण आता चंद्राचं काय करू? कोणीही चालेल गं, दादासारखा पौर्णिमेचासुद्धा, पोटासकट!"

पहिली घंटा झाली. यांच्याकडे बघायला वळले, तर खुर्ची रिकामी.

पडद्याच्या कडेला यांनी चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या होत्या. पोट आत ओढलं, पुठ्ठ्याचा चंद्र दोन्ही हातांनी उचलला, आणि आवाज न करता हे आभाळाकडे निघाले.