धवलबाबाची कोरी चादर

बंगालातल्या डमडमच्या एका हॉलमध्ये पांढऱ्या चादरींवर माणसं मांडी घालून बसली होती आणि धवलबाबा गरजत होते, "शौचावर ताबा नाही? बसा दिवसभर! चादरीला डाग पडला तर नाव बदलीन!" दुपार टळली तरी चादरी कोऱ्या करकरीत. लोक रडत पाया पडत होते.

दिगंबररावही त्यांतलेच. निवृत्त बँक अधिकारी, मराठी मंडळाच्या गणपतीत खणखणीत आरती म्हणणारे. पण हल्ली कपडे कधी खराब होतील याचा नेम नव्हता, म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. डॉक्टरकडे जायची लाज. मुलगी केतकी स्वतः डॉक्टर, तर तिच्यापासूनही लपवलेलं. यंदा आरतीला उभं राहायचंच, म्हणून हा खटाटोप.

धवलबाबांची अट एकच, आदल्या दिवसापासून उपास. सुचित्राबाईंनी नवऱ्याकडून तो कडक पाळून घेतला. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. एकादशी नि दुप्पट खाशी!

अखेर व्हायचं तेच झालं. दिगंबरराव बाथरूमकडे धावले, पण चादर वाचली नाही.

"व्रत मोडलं पाप्याने!" बाबा कडाडले.

"मोडलं कसं? खिचडीशिवाय काही खाल्लं नाही त्यांनी," सुचित्राबाई हिंदीत भांडू लागल्या. दाराआड दिगंबररावांना सगळं ऐकू येत होतं.

शेजारची बंगाली बाई चमकली. "खाया? दीदी, हमने तो कल से पानी भी नहीं पिया!"

सुचित्राबाई खो खो हसत सुटल्या. "अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मग हेच त्यांनी सगळ्यांना हिंदीत सांगितलं. "पेट खाली, तो दाग कहाँ से आएगा?" बाबा कलियुगाला शिव्या देऊ लागले. मागून कुणीतरी पाणी मागितलं.

घरी सगळं ऐकून केतकीचे डोळे भरून आले. "अप्पा, मला का नाही सांगितलं?"

"लाज वाटली गं."

"आणि हॉलभर लोकांसमोर त्या चादरीवर बसताना?"

दुसऱ्या दिवशी दिगंबरराव तिच्याबरोबर तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले.

तपासण्या झाल्या. आहार बदलला, औषध सुरू झालं, गुदद्वाराच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले गेले. एवढ्याने भागलं नाही तर पुढचे उपायही आहेत, अगदी शस्त्रक्रियेपर्यंत, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्रास एकदम गेला नाही, पण बराच आवरला.

गणपतीत ते दाराजवळ उभे राहिले, पिशवीत जादा कपडे ठेवून. आरती शेवटपर्यंत म्हणाले. नंतर मंडळातल्या एकाने कोपऱ्यात गाठून हळूच विचारलं, "तुम्ही म्हणे त्या बाबाकडे गेला होतात. गुण येतो का हो?"

"चादरीला येतो," दिगंबरराव म्हणाले. "माणसाला यायला हवा असेल तर डॉक्टरला सांगा. तिथे निदान दार तरी बंद असतं."