मामाच्या मानाची बाटली

मी काचेची आहे, त्यामुळे माझ्या पोटात काय आहे ते कोणालाही दिसतं. तरीही एका संध्याकाळी माझ्या पोटातलं लपवण्यासाठी एक अख्खं घर श्वास रोखून बसलं होतं. त्या संध्याकाळची ही गोष्ट.

माझा जन्म परदेशातल्या एका काचेच्या भट्टीत झाला. मला रुंद खांदे मिळाले आणि जाड बूड मिळालं. छातीवर सोनेरी अक्षरांचा कागद चिकटवून माझ्यात जुनी, महागडी व्हिस्की भरली गेली. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याने मला विमानतळावरून आणलं आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकाला भेट दिलं. मालकाच्या केबिनमध्ये मी एकाच बैठकीत रिकामी झाले. पिणारे मोबाईलवर बोलत होते. चव कशी होती हे एकानेही विचारलं नाही. मला थोडं वाईट वाटलं.

मला कचऱ्याच्या डब्यातून उचललं सुदामने. सुदाम त्याच कारखान्यात मशीनवर काम करायचा. घर बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात. त्याच्या बायकोने, बनूबाईने, मला राखेने घासून लखलखीत केलं आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलं. माझ्या गळ्यात मनीप्लांटची वेल आली. पाहुणे यायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय, फॉरेनची?" सुदाम नुसता हसायचा.

सुदाम स्वतः पिणारा होता, पण त्याची एक रीत होती. शनिवारी जेवणाआधी दोन पेग, तेही ओट्यावर बसून, मटक्याचं पाणी घालून. बनूबाईने घातलेली अट होती ती. तिसरा ग्लास भरताना तिने त्याला कधी पाहिलं नाही आणि मीही नाही.

शोकेसमधून मला सगळं घर दिसायचं. घरात सगळं होतं, फक्त बनूबाईचा धाकटा भाऊ दौलत यायचा नाही. सहा वर्षांपूर्वी या घरच्या मोठ्या मुलाच्या, सुयोगच्या हळदीतून तो न जेवता उठून गेला होता. जाताना लोकांना एवढंच म्हणाला होता, "दाजींनी मला हलकी दारू पाजली." तेव्हा तो रिक्षा चालवायचा. नंतर कुळगावातली वडिलोपार्जित जमीन बिल्डरला गेली आणि दौलतचा दौलतराव झाला. त्याच्या घरी म्हणे परदेशी बाटल्यांचं काचेचं कपाट होतं.

आता धाकट्या तेजस्वीचं लग्न ठरलं. आमच्या भागात मुलीला बोहल्यावर मामा नेतो. मामा मुलीच्या पाठीशी उभा राहिला नाही, तर मांडवातली सगळी माणसं नवरीकडे न बघता त्या रिकाम्या जागेकडे बघतात.

बनूबाई कुळगावला जाऊन भावाच्या पाया पडली. परत आली ती दारातच बसली.

"काय बोलला?" सुदामने विचारलं.

"येतो बोलला. हळदीला. बसायचं का नाय ते तिथं आल्यावर बघतो बोलला."

"म्हणजे दारू बघून ठरवणार."

"मना काय माहीत. तुम्हीच पाजलीत ना हलकी."

तेजस्वी आतल्या खोलीत ब्लाउजला हुक लावत होती. तिचा हात थांबलेला मला दिसला. त्या दिवसापासून ती शोकेससमोरून जाताना माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच काहीतरी करणार होते.

हळदीला आमच्याकडे सगळी भावकी बसते. मटण असतं, सुकट असते आणि बाटली असते. बाटलीवरून यजमानाला वर्षभर बोलतात. म्हणून सुदाम आणि त्याचा कारखान्यातला मित्र कमळाकर उल्हासनगरच्या दुकानात गेले. परत आले ते व्हिस्कीच्या तीन चपट्या, म्हणजे लहान बाटल्या, घेऊन. तिन्ही स्वस्तातल्या आणि तिन्ही इथल्याच. दुकानदार सिंधी होता, जुन्या ओळखीचा. तो काय म्हणाला ते सुदामने ओट्यावर बसून बनूबाईला सांगितलं.

"बोलला, साईं, डब्बा देखके मत लो. लग्नाला पाजतोस ना? मग सकाळी कोणाचं डोकं दुखलं तर शिव्या तुला पडतील, मला नाय."

मग दोघांनी तिन्ही चपट्या उघडल्या. मी शोकेसमधून बघत होते. माझ्या आयुष्यात व्हिस्कीला इतकं मन लावून कोणी विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. सुदामने आधी तळहातावर दोन थेंब घेतले, हात चोळले आणि वास घेतला. दारू उडून गेल्यावर मागे काय उरतं ते तो शोधत होता.

"हिचा वास जळक्या साखरेचा," तो म्हणाला. "दुसरं काहीच नाय मागं."

"सोडा टाक की मग," कमळाकर म्हणाला.

"सोड्यात सगळ्या सारख्याच लागतात. पाणीच टाक, तेपण थोडं."

दुसरी नाकात चढत होती पण जिभेवर थांबत नव्हती. कमळाकर म्हणाला, "ही आमच्या फोरमनसारखी. येताना आवाज, काम काय नाय." तिसरीचा घोट सुदामने जिभेवर घोळवला. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "हिच्यात भाजलेल्या धान्याचा वास हाय. घशाला ओरखडत नाय. गिळल्यावर जरा वेळ राहते."

"मग हीच घे सगळ्यांना."

"सगळ्यांना हीच. पण दौलतरावांना?"

कमळाकरने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यातली वेल मला अचानक घट्ट वाटू लागली.

"फॉरेनची घेणं आपल्याला जमायचं नाय," कमळाकर म्हणाला. "बाटली तर आहे. हीच चांगली व्हिस्की त्यात भर. त्याला काय कळतंय?"

"सील?"

"देवाला दाखवतोस ना आधी? मग उघडलेलीच असणार."

दारूची बैठक बसण्याआधी घरातला कर्ता मांडवाच्या खांबापाशी पूर्वजांच्या नावाने चार थेंब सोडतो. हा आमच्याकडचा रिवाज. म्हणजे बाटलीचं सील का तुटलं, हे कोणी विचारणार नव्हतं. युक्ती बिनतोड होती. सुदामने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फक्त वेल काढून ग्लासात ठेवली आणि मला धुवायला नेलं.

हळदीच्या संध्याकाळी मी पुन्हा भरले. रंग जवळपास तोच होता. सुदामने मला मांडवाच्या खांबापाशी नेलं, झाकण काढलं आणि चार थेंब मातीत सोडले. एरवी तो पूर्वजांची नावं मोठ्याने घ्यायचा. त्या दिवशी त्याचे ओठ नुसते हलले. माझ्या गळ्याभोवतीची त्याची बोटं ओली होती.

मांडवात ताडपत्रीवर भावकी आणि बनूबाईच्या माहेरची माणसं बसली होती. प्लॅस्टिकचे ग्लास भरले जात होते, उकडलेली अंडी फिरत होती. आत बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. एका बाजूला सुदामने एकच खुर्ची मांडली होती. तिच्यापुढे स्टूल, स्टुलावर घडी घातलेला नॅपकिन, त्यावर मी आणि नक्षीचा काचेचा ग्लास.

दौलतराव आला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, तेजस्वीला जवळ घेतलं. मग सुदामने त्याला खुर्चीकडे आणलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. चपला पायातच होत्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हात लावला नाही.

"ही कोणासाठी?"

"तुमच्यासाठी," सुदाम म्हणाला. "मामाचा मान."

"आणि ते काय पितात?" त्याने ताडपत्रीकडे बोट केलं.

सुदामने नॅपकिनची घडी सरळ केली. कमळाकर मध्ये पडला. "त्यांची हाय ना त्यांना. चांगली हाय. तुम्ही घ्या, मामा."

दौलतराव हळूहळू उठला. आवाज चढवला नाही, म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला.

"म्हणजे परत दोन. दाजी, मागच्या वेळेला तुमच्या कंपनीचे साहेब गच्चीवर होते. त्यांना एक बाटली. आम्ही खाली मांडवात, आम्हाला दुसरी. मी तुम्हाला जेवायला बोलवायला वर आलो आणि दोन्ही बघितल्या. हलकी होती म्हणून नाय गेलो मी. मी रोज हलकीच पीत होतो. वर एक आणि खाली एक होती, म्हणून गेलो."

गाणी थांबली. बनूबाई हळदीचे हात तसेच धरून दारात आली. तिच्यामागे तेजस्वी उभी होती.

"तेव्हा माझ्याकडं रिक्षा होती, मला खाली बसवलंत. आज मला खुर्ची. हे माझे चुलते, हे चुलतभाऊ, ते ताडपत्रीवर. उद्या माझे पैसे संपले की मी परत तिकडंच ना?" त्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई, मी निघतो. उद्या दुसरा मामा बघ."

मी सुदामकडे बघत होते. त्याची मान खाली होती. मला त्याच्या मनातलं कळत होतं, कारण ते माझ्याच पोटात होतं. तो गप्प राहिला तर दौलतराव जाणार आणि उद्या तेजस्वीच्या मागची जागा रिकामी राहणार. तो बोलला तर भरल्या मांडवात, भावकीसमोर, मेव्हण्याला खोटी बाटली पाजणारा माणूस ठरणार. दोन्हीकडे अब्रूच जाणार होती.

दौलतराव दोन पावलं गेला.

"दौलत," सुदाम म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने नावापुढे राव लावला नाही. "दोन नाय. एकच हाय."

"काय एकच?"

"बाटली तेवढी बाहेरची. आत तीच हाय जी सगळे पितात. मीच भरली."

कोणीतरी "आयला" म्हणालं. कमळाकरने कपाळाला हात लावला.

दौलतराव वळला. तो माझ्याजवळ आला, नक्षीच्या ग्लासात मला ओतलं, थोडंसं. मग ताडपत्रीवर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या चुलत्याच्या हातातला प्लॅस्टिकचा ग्लास घेतला. म्हातारा म्हणाला, "अरे, माझा उष्टा हाय." दौलतरावने ऐकलं नाही. त्याने एकातून घोट घेतला. थांबला. दुसऱ्यातून घेतला. पुन्हा पहिल्यातून घेतला. मांडवात पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता. तेजस्वीने आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"तीच आहे," दौलतराव म्हणाला.

त्याने मांडवाच्या खांबाकडे बघितलं.

"देवाला हीच दाखवली?"

"हो," सुदाम म्हणाला.

"म्हणजे बापजाद्यांनापण फसवलंत."

"त्यांना लेबल वाचता येत नाय," म्हातारा चुलता खालून म्हणाला. "त्यांना चवच कळते. आणि चव बरी हाय. आता माझा ग्लास दे."

पहिलं हसू कोणाचं होतं ते मला दिसलं नाही. पण ते ताडपत्रीवरून पसरत गेलं. दौलतराव हसला नाही. तो अजून सुदामकडेच बघत होता.

"माझ्या कपाटात वीस बाटल्या हायत, दाजी. येणारा प्रत्येक माणूस कपाट बघतो. बसून कोणी पीत नाय." त्याने ग्लासातली उरलेली व्हिस्की नाकाजवळ नेली. "ही कोणी निवडली?"

"मी. तीन बघितल्या."

"आणि ही का?"

"घशाला लागत नाय. आणि वास... जरा बसून प्यावी अशी हाय."

"मग तुम्ही बसा ना. मागच्या खेपेला तुम्ही वरच होतात, खाली आमच्यात बसलातच नाय."

एवढं बोलून त्याने चपला काढल्या. खुर्ची पायाने बाजूला सारली आणि चुलत्याच्या शेजारी ताडपत्रीवर बसला. सुदाम त्याच्यासमोर बसला. माझं झाकण निघालं आणि मी हातोहात फिरू लागले. कोणाच्या प्लॅस्टिकच्या ग्लासात, कोणाच्या स्टीलच्या पेल्यात. सोडा पुढे आला तेव्हा सुदाम म्हणाला, "पाणीच घाला, तेपण थोडं." दारात बनूबाई म्हणाली, "दौलत, दोनच हां," आणि ती आत गेली. आतली गाणी पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी अंतरपाटाच्या अलीकडे तेजस्वी उभी होती आणि तिच्या पाठीशी मामा. त्याच्या हातांचा रंग हळदीचा होता. मी हे पाहिलं नाही, कारण मी घरी होते. पण वऱ्हाड परत आल्यावर बनूबाईने हे इतक्यांदा सांगितलं, की आता मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

लग्नानंतर बनूबाईने पहिलं काम केलं ते माझ्यावर. गरम पाण्यात मला बुडवलं आणि सोनेरी कागद नखांनी खरवडून काढला. "ह्या कागदापायी पोरीचं लग्न थांबलं असतं," ती म्हणाली. मला दुखलं नाही. उलट खूप वर्षांनी अंग मोकळं झालं.

आता मी फ्रिजच्या दारात असते. माझ्यावर नाव नाही. माझ्यात पाणी असतं. महिन्यातून एखाद्या शनिवारी दौलतराव येतो. सुदाम उल्हासनगरहून तीच स्वस्तातली व्हिस्की आणतो आणि ओट्यावर तिचं लेबल सगळ्यांना दिसेल असं ठेवतो. मग मला बाहेर काढतात. ती आणि मी शेजारी उभ्या राहतो. आधी ती ग्लासात वाकते, मग मी.

तुमच्याकडे कोणी पाहुणा येईल तेव्हा त्याच्यासाठी काय काढावं याचा विचार तुम्ही जरूर करा. चांगलं निवडा, तुमच्या खिशाला झेपेल तेवढंच. पण ते निवडल्यावर सगळ्यांच्या ग्लासात तेच ओता. बाटलीला याहून मोठा मान नसतो, असं मला वाटतं. आता मला बाहेर काढा. ऊन फार आहे आणि दारात कोणीतरी तहानलेलं आलंय.