मागच्या खोलीतली बाई

आमच्या घरात आईला बाई म्हणतात. ग्वाल्हेरची पद्धत. माझ्या सासूबाईंना सगळे बाई म्हणत, त्या गेल्यावर ते नाव माझ्याकडे आलं. हेमंत बोलायला लागला तो मला बाई म्हणतच. इथे भोपाळच्या हिंदीत बाई म्हणजे घरकामाला येणारी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण घरातलं घरात आणि बाहेरचं बाहेर, त्याचं कधी काही वाटलं नाही.

आमचं क्वार्टर कारखान्याच्या टाउनशिपमधलं. माझे यजमान इथेच फोरमन होते, त्यामुळे इथले नियम मला तोंडपाठ. अंगणात गाय-कोंबडी पाळायची नाही, न विचारता शेड घालायची नाही, खोली भाड्याने द्यायची नाही, आणि ज्याचं नाव क्वार्टरच्या कार्डावर नाही तो महिन्याच्या वर राहणार असेल तर परवानगी काढायची. आम्ही हे सगळं मुकाट पाळलं. हेमंत त्याच कारखान्यात लागला, क्वार्टर त्याच्या नावावर झालं, आम्ही नवरा-बायको ग्वाल्हेरला परतलो, आणि इकडे चिरंजीवांनी स्कूटरसाठी पत्र्याची शेड ठोकली. ऑफिसची ताकीद आली. पुन्हा काही सापडलं तर क्वार्टर रद्द, असं त्यांनी स्वच्छ कळवलं. शेड निघाली आणि हेमंत बाकीचं विसरला.

बाकीचं म्हणजे मी. यजमान गेल्यावर मी हेमंतकडे राहायला आले. माझं नाव त्याच्या कार्डावर चढलंच नाही. एक अर्ज टाकायचा, बस. मी दर दिवाळीला आठवण करून द्यायची आणि तो म्हणायचा, "करू की बाई, कुठे पळून चाललंय?" अशा किती दिवाळ्या गेल्या. मुलगा कामाचा आहे, फक्त स्वतःच्या कामाचा.

त्या दिवशी मी मागच्या अंगणात कढई घासत होते. पुढच्या दारावर थाप पडली. स्वयंपाकघरातून सुनेने, कांचनने, हाक मारली, "बाई, दार बघता का जरा?" राखेच्या हातांनी मी दार उघडलं. बाहेर टाउनशिपच्या ऑफिसचे इन्स्पेक्टर उभे होते. तिवारी म्हणून नवीनच आलेले. आमच्या मागच्या खोलीत भाडेकरू ठेवलाय, अशी कोणीतरी तक्रार केली होती.

कांचन पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिचा चेहरा उतरला. तिवारी सरळ मागच्या खोलीत गेले. माझी खाट, माझी ट्रंक, दोरीवर माझी लुगडी. आता लपवणार काय?

"यहाँ कौन रहता है?"

मी सांगणार होते, पण त्यांनीच माझ्या राखेच्या हातांकडे पाहिलं. दारावर ऐकलेली हाक त्यांच्या कानात असणार. "अच्छा, बाई रहती है?"

"जी," कांचन म्हणाली. "बाई."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा हिशेब मला लगेच कळला. कामवाली मागच्या खोलीत राहिलेली चालते, तिचं नाव ऑफिसात लिहून दिलं की झालं. पण आई म्हटलं की इतकी वर्षं विनापरवानगी, वर आधीची ताकीद. घर जाणार, आणि पोरांची शाळाही वर्षाच्या मध्येच. मी ओठ मिटले. अंगाची लाही लाही होत होती.

"क्या-क्या करती हो?" तिवारींनी मला विचारलं.

"खाना बनाती हूँ. बर्तन, कपड़े, बच्चों के टिफ़िन."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"छुट्टी?"

"छुट्टी कैसी?" मी म्हटलं. कांचनने मान फिरवली.

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. हेमंत जेवायला घरी येतो. आता काय करायचं, हे ना कांचनला सुचत होतं ना मला. तिवारी मात्र खुर्ची ओढून निवांत बसले. साहेबांनाच विचारून घेऊ म्हणाले.

स्कूटर थांबली. हेमंत आत आला आणि तिवारींना बघून दारातच उभा राहिला. मला हायसं वाटलं, खरं सांगते. बायको घाबरली, ती परक्या घरची. हा माझ्या पोटचा. हा सांगेल, दोन शिव्या खाईल, हातापाया पडेल, उद्या अर्ज देईल.

"पीछे के कमरे में ये जो हैं," तिवारी म्हणाले, "आपकी कौन हैं?"

हेमंतने कांचनकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी काय सांगायचं ते सांगितलं.

"बाई," हेमंत म्हणाला.

बोलायला लागल्यापासून तो मला हेच म्हणतो. मी पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिले. 'मेरी माँ', एवढेच दोन शब्द. हेमंतने खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली. शब्द खरा बोलला आणि मला विकून मोकळा झाला. असा राग मला यजमान गेले तेव्हा देवाचाही आला नव्हता.

तिवारींनी पेनचं टोपण काढलं. "नाम?"

"सरोज."

"पति?"

"नहीं रहे."

"बाल-बच्चे?"

आता मात्र हेमंतने माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा. लहानपणी दुसऱ्याची काच फोडून आला की असाच बघायचा. मी खरं बोलले तर घर जाणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

"एक लड़का था," मी म्हणाले.

तिवारींचं पेन थांबलं. ते खुर्चीवरून उठले. इतका वेळ तुम-तुम करणारा माणूस, त्याचा आवाज एकदम खाली आला. "माफ़ कीजिए, अम्मा. मुझे पूछना नहीं चाहिए था."

मग जाता जाता ते हेमंतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इनका ध्यान रखिएगा. इनका कोई नहीं है."

"जी," हेमंत म्हणाला.